घातांक आणि गणिती चिन्हं कळफलकावरून टाइप कशी करायची?

पाटीपेन्सिल
दहावीच्या बीजगणित-भूमितीच्या सराव प्रश्नपत्रिका मराठीत टाइप करायच्या आहेत. विंडोज लॅपटॉप आहे, वर्ड आहे, मराठी इनस्क्रिप्ट कळफलक वापरते. नंबरपॅड नाही. अडचणी अशा:
वर्डमध्ये १०⁶ नीट दिसतं, पण व्हॉट्सअ‍ॅपवर चिकटवलं की १०६ होतं.
शिफ्ट आणि ६ दाबलं की घाताचं टोपीचिन्ह (^) येत नाही, "त्र" येतं.
∠, ≅, ∴ ही चिन्हं दर वेळी जुन्या फाइलमधून उचलून आणावी लागतात.
सगळीकडे चालेल अशी एकच पद्धत आहे का?

टंकनकार
एकच पद्धत नाही, कारण "घातांक टाइप करणं" या नावाखाली तीन वेगळी कामं येतात. ती वेगळी केली की निम्मा गोंधळ मिटतो.

पहिलं काम सजावटीचं. वर्डमध्ये ६ हा आकडा साधाच असतो, त्याला फक्त "वर उचलून लहान दाखव" अशी सूचना जोडलेली असते. कंट्रोल + शिफ्ट + बरोबरचं चिन्ह दाबलं की सुपरस्क्रिप्ट सुरू होतं, तेच पुन्हा दाबलं की बंद होतं. पादांकासाठी, म्हणजे खाली उतरवलेल्या लहान आकड्यासाठी, कंट्रोल + बरोबर. ही सूचना फाइलपुरती असते. व्हॉट्सअ‍ॅप, नोटपॅड, एसएमएस फक्त अक्षरं घेतात, सजावट टाकून देतात. म्हणून १०⁶ चं १०६ होतं. प्रश्नपत्रिकेत ही चूक फार महागात पडते, कारण १०६ ही संख्या चुकीची वाटतच नाही आणि मुद्रितशोधनातून सहज निसटते.

दुसरं काम अक्षराचं. ² किंवा ⁶ हे युनिकोडमधलं (प्रत्येक अक्षराला-चिन्हाला क्रमांक देणाऱ्या जागतिक तक्त्यातलं) स्वतंत्र चिन्ह आहे, सजावट नाही. ते कुठेही चिकटवा, तसंच राहतं.

तिसरं काम क्रियेचं. एक्सेलमध्ये किंवा प्रोग्रॅममध्ये घात *काढायचा* असतो, तेव्हा २^६ असंच लिहावं लागतं. तिथे ⁶ हे अक्षर उपयोगाचं नाही.

छापायच्या कागदासाठी पहिलं चालेल, संदेशासाठी दुसरं, आकडेमोडीसाठी तिसरं.

कळदाबू
त्र चं कारण: इनस्क्रिप्टमध्ये वरच्या ओळीतल्या आकड्यांवर शिफ्ट धरल्यावर जोडाक्षरं बसवली आहेत. ५ वर ज्ञ, ६ वर त्र, ७ वर क्ष, ८ वर श्र. म्हणजे टोपी आणि गुणाकाराची चांदणी, दोन्ही मराठी कळफलकावर त्या जागी नाहीत. विंडोज की + स्पेसबार दाबून इंग्रजीवर जा, चिन्ह टाका, परत या. हात बसला की खटकत नाही.

दुसरी एक सूचना खाली येणाऱ्या सगळ्या कोडांसाठी: इथे आकडे देवनागरीत लिहिले आहेत, पण टाइप करताना इंग्रजी कळफलकावरचे इंग्रजी आकडेच हवेत.

शून्यलब्धी
ऑल्ट कोड:
² – ऑल्ट + ०१७८
³ – ऑल्ट + ०१७९
¹ – ऑल्ट + ०१८५
× – ऑल्ट + ०२१५
÷ – ऑल्ट + ०२४७
± – ऑल्ट + ०१७७
° – ऑल्ट + ०१७६
½ – ऑल्ट + ०१८९
√ – ऑल्ट + २५१
π – ऑल्ट + २२७
∞ – ऑल्ट + २३६
≤ – ऑल्ट + २४३
≥ – ऑल्ट + २४२

ऑल्ट दाबून धरा, उजवीकडच्या नंबरपॅडवर आकडे टाका, ऑल्ट सोडा. नमलॉक चालू हवा. वरच्या ओळीतले आकडे चालत नाहीत. सुरुवातीचं शून्य गाळू नका: शून्यासह आणि शून्याविना हे दोन वेगळे जुने तक्ते आहेत. ०२४७ म्हणजे ÷ आणि नुसतं २४७ म्हणजे ≈. एका शून्याने भागाकाराचं "अंदाजे बरोबर" होतं.

पाटीपेन्सिल
नंबरपॅड नसल्यामुळे हे माझ्याकडे चालत नाही. बाहेरचा नंबरपॅड जोडून पाहिला, ² आला. पण एका ठिकाणी ⁴ साठी ऑल्ट + ८३०८ दिलं होतं. वर्डमध्ये ⁴ आला, दुसऱ्या एका प्रोग्रॅममध्ये इंग्रजी "टी" उमटला.

शून्यलब्धी
टी येणं हिशेबाला धरून आहे. ऑल्ट कोडाचा मूळ तक्ता २५६ जागांचा. बरेच प्रोग्रॅम मोठी संख्या दिली की २५६ ने भागून उरलेली बाकी घेतात. ८३०८ मधून ३२ × २५६ म्हणजे ८१९२ गेले, उरले ११६, आणि ११६ वर छोटा टी आहे. वर्ड पूर्ण संख्या समजून घेतं, म्हणून तिथे बरोबर येतं. तेव्हा २५५ च्या पुढचे ऑल्ट कोड फक्त वर्डसाठी समजा.

टंकनकार
@पाटीपेन्सिल, नंबरपॅड नसेल तर वर्डमध्ये ऑल्ट + एक्स ही सर्वांत भरवशाची वाट आहे. चिन्हाचा युनिकोड क्रमांक टाइप करायचा आणि लगेच ऑल्ट + एक्स दाबायचं. क्रमांकाच्या जागी चिन्ह येतं. लिबरऑफिस रायटरमध्येही हेच चालतं. शाळेच्या गणितातली बरीच चिन्हं निव्वळ आकड्यांच्या क्रमांकांवर आहेत, त्यामुळे पाठही होतात:

⁴ ते ⁹ – २०७४ ते २०७९
∠ – २२२०
∥ – २२२५
∴ – २२३४
∵ – २२३५
≅ – २२४५
≠ – २२६०
≤ – २२६४
≥ – २२६५
∈ – २२०८
∩ – २२२९
⊂ – २२८२
∑ – २२११
खरं वजाचिन्ह − – २२१२

अक्षर असलेले थोडे: √ साठी २२१ए, ∪ साठी २२२ए, ⊥ साठी २२ए५, △ साठी २५बी३, ² साठी ००बी२. ए आणि बी अर्थातच रोमन, लहान-मोठं कसंही.

दोन ठिकाणी हे फसतं. ५⁴ लिहायचं म्हणून ५ च्या मागोमाग २०७४ टाइप केलंत तर वर्ड ५२०७४ ही एकच संख्या वाचतं आणि भलतंच काही किंवा रिकामा चौकोन येतो. पायाही आकडा असेल, किंवा ए ते एफ पैकी रोमन अक्षर असेल, तर आधी फक्त २०७४ एवढाच भाग निवडा आणि मग ऑल्ट + एक्स. क्ष किंवा य पाया असेल तर ही भीती नाही.

दुसरं, कळफलक मराठीवर राहिला आणि आकडे देवनागरी उमटले तर वर्डला तो क्रमांक वाटतच नाही. ते शेवटच्या अक्षराचा क्रमांक सांगायला लागतं: "२०७४" वर ऑल्ट + एक्स दाबलं की ४ च्या जागी ०९६ए दिसतं, म्हणजे देवनागरी चारचा स्वतःचा क्रमांक. असं दिसलं की तेच पुन्हा दाबा, ४ परत येतो. ही उलट चाल उपयोगाचीही आहे: कुठलंही अनोळखी चिन्ह चिकटवून ऑल्ट + एक्स दाबलं की त्याचा क्रमांक कळतो.

कळदाबू
+१. वर्डबाहेर नंबरपॅडशिवाय काम करायचं तर विनकंपोझ हा मोफत प्रोग्रॅम टाका. उजवा ऑल्ट दाबून सोडायचा, मग टोपी, मग ४, की ⁴ आला. ऑल्ट, अधोरेषा, २ म्हणजे ₂. ऑल्ट, लहानचं चिन्ह, बरोबर म्हणजे ≤. चिन्ह जसं दिसतं त्या क्रमाने कळा दाबायच्या असल्यामुळे पाठांतर जवळजवळ नाही.

काहीच बसवायची परवानगी नसेल (शाळेच्या संगणक कक्षात बहुधा नसतेच) तर विंडोज की + पूर्णविराम. इमोजींचं पटल उघडतं, त्यात चिन्हांचा विभाग आहे आणि त्यात गणिताची चिन्हं. सावकाश होतं, पण होतं.

पाटीपेन्सिल
ऑल्ट + एक्स जमलं, आभार. आता नवीनच दिसतंय: क्ष² + क्ष⁴ लिहिलं की २ चा घातांक जाड आणि ठसठशीत, ४ चा बारीक आणि किंचित वर. फॉन्ट तर एकच निवडला आहे.

शून्यलब्धी
¹ ² ³ ही तीन चिन्हं जुन्या पश्चिम युरोपीय २५६ अक्षरांच्या संचातून आली, म्हणून जवळजवळ प्रत्येक फॉन्टमध्ये असतात. ⁰ आणि ⁴ ते ⁹ युनिकोडमध्ये दूरच्या वेगळ्या विभागात आहेत आणि अनेक फॉन्टमध्ये नसतात. फॉन्टमध्ये चिन्ह नसलं की संगणक गुपचूप दुसऱ्या फॉन्टमधून आणतो. फॉन्टच्या चौकटीत नाव जुनंच दिसत असलं तरी अक्षर परकं असतं. उपाय: सगळे घातांक निवडून त्यांना एकच असा फॉन्ट द्या ज्यात दहाही आहेत, कॅलिब्री किंवा कॅम्ब्रिया चालेल.

"कॅम्ब्रिया मॅथ" मात्र साध्या मजकुराला देऊ नका. त्या फॉन्टची उंची समीकरणांसाठी प्रचंड ठेवलेली आहे. एका घातांकाला दिला तरी त्या ओळीच्या वर-खाली मोठी पोकळी पडते आणि पान का फुगलं ते लवकर कळत नाही.

समीकरणे
छापील प्रश्नपत्रिका असेल तर सुटी चिन्हं जोडत बसण्यापेक्षा वर्डचं समीकरणाचं खोकं शिका. ऑल्ट + बरोबर दाबलं की ते उघडतं. (एक्सेलमध्ये याच कळा बेरीज घालतात, घोटाळा करू नका.) आत असं लिहायचं:

क्ष^२ आणि स्पेस – घात वर जातो.
क्ष^(न+१) आणि स्पेस – पूर्ण कंस घातात जातो, कंस स्वतः नाहीसे होतात. कंस विसरलात तर फक्त न वर जातो आणि +१ खाली राहतो.
अ_१ आणि स्पेस – पादांक.
(अ+ब)/(क) आणि स्पेस – उभा अपूर्णांक.
बॅकस्लॅश, एस-क्यू-आर-टी ही रोमन अक्षरं, मग (ब^२-४अक), मग स्पेस – छत असलेलं वर्गमूळ.

शेवटची स्पेस ही सजावट नव्हे, आज्ञा आहे. "लिहिलं पण ^ तसाच राहिला" या तक्रारीत बहुतेकदा स्पेस दाबलेली नसते.

वर्गमूळाच्या छताबद्दल: युनिकोडचं √ फक्त खूण आहे, पुढच्या पदांवर रेघ पसरवत नाही. साध्या मजकुरात √अ+ब लिहिलं तर मूळ फक्त अ चं की दोघांचं, हे विद्यार्थ्याला ठरवता येत नाही. √(अ+ब) असा कंस हवाच.

मराठीतली चलं खोक्यात लिहिताना एक मर्यादा लक्षात घ्या. खोक्याचा मूळ फॉन्ट कॅम्ब्रिया मॅथ, त्यात देवनागरी नाही. क्ष, अ, ब दुसऱ्या फॉन्टमधून येतात आणि आकार शेजारच्या मजकुराशी जुळत नाही. चलं रोमन ठेवली तर समीकरण एकसंध दिसतं. पाठ्यपुस्तकात जी पद्धत असेल तीच ठेवा.

जुन्या फाइलींचं: इक्वेशन एडिटर ३.० हा जुना घटक मायक्रोसॉफ्टने सुरक्षेच्या कारणावरून जानेवारी २०१८ च्या अद्यतनात ऑफिसमधून काढला. त्याआधीची समीकरणं दिसतात, छापतात, पण दोनदा टिचकी मारली तरी बदलता येत नाहीत. फाइल बिघडलेली नसते.

डीटीपीवाला
जुन्या फाइलींचा विषय निघालाच आहे तर: श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या बिगर-युनिकोड फॉन्टमध्ये केलेल्या प्रश्नपत्रिकेत ऑल्ट + ०१७८ दाबलं तर ² येत नाही, काना-मात्रेचा किंवा अर्ध्या अक्षराचा तुकडा येतो. त्या फॉन्टांनी २५६ जागांच्याच तक्त्यात मराठी अक्षरं बसवली, आणि ² ची १७८ वी जागा अक्षराला गेली. तिथे एकच मार्ग: घातांकापुरता फॉन्ट टाइम्स न्यू रोमन करा, मग चिन्ह टाका.

खरी पंचाईत पुढे होते. अशी फाइल रूपांतरकातून युनिकोडमध्ये नेली की रूपांतरकाला फॉन्ट कळत नाही, फक्त क्रमांक कळतो. तुमचा व्यवस्थित ² तो मराठी अक्षराचा तुकडा समजून बदलतो. म्हणून रूपांतर करण्याआधी मूळ फाइलमध्ये ² च्या जागी [घात२] अशी खूण टाका, आणि रूपांतर झाल्यावर शोध-बदल करून परत ² आणा. ×, ÷, °, ± यांचंही हेच, चौघेही त्याच तक्त्यात आहेत. छापून आलेल्या पानाशी एकेक घातांक ताडून पाहिल्याशिवाय ही कामं हातावेगळी करू नयेत.

टंकनकार
रूपांतरावरून: वर्डमधली सजावट असलेली फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर किंवा गुगल फॉर्ममध्ये न्यायची असेल तर प्रत्येक घातांक हाताने बदलायला नको. कंट्रोल + एच. "फाइंड व्हॉट" रिकामं ठेवा, "मोअर", मग "फॉरमॅट", मग "फॉन्ट" मधून सुपरस्क्रिप्ट निवडा. "रिप्लेस विथ" मध्ये ^^^& लिहा आणि तिथल्या फॉन्टमध्ये सुपरस्क्रिप्टची खूण काढलेली ठेवा. "रिप्लेस ऑल" केलं की सगळे १०⁶ एकदम १०^६ होतात.

त्या चार चिन्हांचा अर्थ: वर्डच्या शोधात टोपी ही खास खूण आहे, म्हणून खरी टोपी हवी तर दोनदा लिहायची. उरलेलं ^& म्हणजे "जे सापडलं ते". मूळ फाइलवर नाही, प्रतीवर करा. "१ ला", "२ रा" किंवा तळटीपांचे आकडे वर उचललेले असतील तर त्यांनाही टोपी लागते.

पाटीपेन्सिल
गुगल फॉर्ममध्ये थेट सुपरस्क्रिप्ट देता येत नाही का?

कळदाबू
प्रश्नात किंवा पर्यायात सुपरस्क्रिप्टची सोय नाही, समीकरणाचं खोकंही नाही. युनिकोड घातांक टाका, ते टिकतात. अपूर्णांकी घातांक असेल तर चित्र लावा, कारण युनिकोडमध्ये वर उचललेली तिरकी रेघ किंवा दशांश बिंदू म्हणून वेगळं घातांकाचं चिन्ह नाही. ⁺ ⁻ ⁼ ⁽ ⁾ ⁿ एवढं मिळतं. २०७ए पासून २०७एफ पर्यंत याच क्रमाने, सलग. क्ष⁻² होतं, क्ष चा दीडावा घात होत नाही.

गुगल डॉक्समध्ये मात्र सोय आहे: कंट्रोल + पूर्णविराम घातांक, कंट्रोल + स्वल्पविराम पादांक.

तक्तेवाला
एक्सेलबद्दल कोणी बोललं नाही, आणि तिथे चूक दिसत नाही तर उत्तरात शिरते.

=-२^२ चं उत्तर एक्सेल ४ देतं. गणिताच्या संकेताप्रमाणे −४ हवं. एक्सेल उणे चिन्ह आधी संख्येला जोडतं, मग वर्ग करतं. =-(२^२) लिहा म्हणजे −४ मिळेल. गंमत म्हणजे =०-२^२ चं उत्तर −४ च येतं, कारण तिथे उणे ही वजाबाकीची क्रिया आहे. पायथॉन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत घातासाठी दोन चांदण्या असतात आणि तिथे उत्तर −४ येतं, म्हणून एकाचं सूत्र दुसरीकडे नेताना कंस घालाच.

=२^३^२ : एक्सेल डावीकडून सोडवतं, ८ चा वर्ग, ६४. वहीत वरून खाली येतात, २ चा नववा घात, ५१२. पायथॉनही ५१२ देतं.

=२७^१/३ म्हणजे २७ भागिले ३, ९. घनमूळ हवं तर =२७^(१/३), उत्तर ३.

इंटरनेटवरून चिकटवलेली −५ कधी कधी डावीकडे चिकटून बसते आणि बेरजेत येत नाही. तिथे २२१२ क्रमांकाचं खरं वजाचिन्ह असतं. छपाईत ते सुंदर, एक्सेलला ते साधं अक्षर. शोध-बदल करून साधा हायफन करा.

आणि सदनिका किंवा तुकडीचा क्रमांक ३, रोमन ई, ४ असा टाइप केला की एक्सेल ३ गुणिले दहाचा चौथा घात समजून ३०००० करतं. स्तंभ आधी टेक्स्ट करा, किंवा पुढे एकेरी अवतरणचिन्ह द्या.

एककं दाखवायची असतील तर सेलमध्ये "मी²" टाइप करू नका, संख्या मजकूर होते. कंट्रोल + १, कस्टम, तिथे ०.००" मी²". संख्या संख्याच राहते, एकक फक्त दिसतं.

पेंग्विन
लिनक्स: कंट्रोल + शिफ्ट + यू, मग क्रमांक, मग एंटर. वर ऑल्ट + एक्ससाठी दिलेले सगळे युनिकोड क्रमांक जसेच्या तसे चालतात आणि बहुतेक प्रोग्रॅममध्ये चालतात. ग्नोम हा डेस्कटॉप असेल तर त्याच्या कळफलक सेटिंगमध्ये कंपोझ की ठरवून घेतली की विनकंपोझसारखंच: कंपोझ, टोपी, २.

सफरचंद
मॅकवर अमेरिकी इंग्रजी कळफलकात बरंच काही आधीच आहे: ऑप्शन + व्ही √, ऑप्शन + पी π, ऑप्शन + ५ ∞, ऑप्शन + बरोबर ≠, ऑप्शन + स्वल्पविराम ≤, ऑप्शन + पूर्णविराम ≥, ऑप्शन + तिरकी रेघ ÷, ऑप्शन + शिफ्ट + ८ °. घातांक मात्र नाहीत. त्यासाठी इनपुट सोर्समध्ये "युनिकोड हेक्स इनपुट" जोडा आणि ऑप्शन धरून क्रमांक टाका.

कळदाबू
अँड्रॉइडवर जीबोर्डचा (गुगलच्या कळफलक अ‍ॅपचा) इंग्रजी कळफलक घ्या, आकड्यांच्या पानावर २ दाबून धरा, ² मिळतो. ३ वर ³, ४ वर ⁴, ० वर ⁿ. १ वर ¹ आणि ½, ⅓, ¼. ज्या आकड्यावर घातांक मिळत नाही तो एकदा वैयक्तिक शब्दकोशात "घा६" अशा लघुरूपावर साठवून ठेवा.

पाटीपेन्सिल
शेवटचा प्रश्न. आकडे देवनागरी आणि घातांक इंग्रजी, हे पानावर विजोड दिसतं. देवनागरी घातांक युनिकोडमध्ये नाहीत का? एका तक्त्यात "ए८ई०" पासून वर काढलेले देवनागरी आकडे दिसले.

शून्यलब्धी
ते वापरू नका. ए८ई० ते ए८ई९ ही सामवेदाची स्वरचिन्हं आहेत. अनुस्वारासारखी आधीच्या अक्षराच्या डोक्यावर बसतात, उजवीकडे वर नाही. बऱ्याच फॉन्टमध्ये नाहीत, असली तरी घातांक म्हणून वाचता येणार नाहीत. घातांकासाठी वेगळे देवनागरी आकडे युनिकोडमध्ये नाहीत.

छापील कागदावर देवनागरी आकडा टाइप करून वर्डची सुपरस्क्रिप्ट सजावट द्या, विजोड दिसणार नाही. तीच पत्रिका पाठवायची असेल तर पीडीएफ करून पाठवा, सजावट शाबूत राहते. फक्त पीडीएफमधून मजकूर कॉपी करून घेऊ नका. तिथे १०⁶ चं पुन्हा १०६ होतं.